खेळाडूंनीच बनवलेल्या लेव्हल्सवर चालणारा गेम मन भरेल एवढा टिकतो का?

प्रश्न: निवांत_खेळाडू

नमस्कार. येत्या काही महिन्यांत एक गेम येतो आहे आणि त्याची चर्चा जवळपास वर्षभर चालू आहे. त्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण माझी शंका त्या एका गेमपुरती नाही, आणि नाव निघाले की चर्चा ट्रेलरवर घसरते. मांडणी ओळखीची आहे. धावायचे, उड्या मारायच्या, अडथळे ओलांडून शेवट गाठायचा. कंपनीच्या स्वतःच्या मोजक्या लेव्हल्स, आणि त्यांच्या जोडीला एक एडिटर, ज्यात खेळाडूंनी आपापल्या लेव्हल्स रचायच्या आणि इतरांना खेळायला खुल्या करायच्या. हा गेम कधी संपणारच नाही, असे त्याच्याविषयी मोठ्या उत्साहाने बोलले जात आहे. मला नेमकी त्याच गोष्टीची धास्ती वाटते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गेमची मी फार आतुरतेने वाट पाहिली होती. कंपनीच्या लेव्हल्स सुंदर होत्या आणि त्या तीन-चार संध्याकाळींत संपल्या. मग मोठ्या अपेक्षेने खेळाडूंची यादी उघडली. पहिली लेव्हल म्हणजे एक सरळ बोळ होता आणि त्यात गुण मिळवून देणाऱ्या वस्तूंचा सडा पडला होता. दुसरी एका जुन्या प्रसिद्ध गेमच्या पहिल्या दृश्याची नक्कल होती. तिसरीत एक उडी होती. ती मी चाळीस वेळा मारली आणि चाळीस वेळा खाली पडलो. चौथीत माझे पात्र सरकत्या पट्ट्यावर उभे राहून आपोआप शेवटपर्यंत गेले, मला एकही बटण दाबावे लागले नाही. पाचवी मात्र आजही डोळ्यांसमोर आहे. अंधारात एक दीपगृह होते, त्याचा झोत सावकाश गोल फिरत होता, आणि पाय ठेवायच्या फळ्या त्यांच्यावरून झोत जाईल तेवढ्यापुरत्याच दिसत. झोत पुढे सरकला की आठवणीच्या भरवशावर उडी मारायची. ती लेव्हल मी लागोपाठ तीनदा खेळलो. त्याच व्यक्तीने आणखी काही बनवले आहे का, हे शोधले, तर तिची ती एकच लेव्हल होती. पुढच्या आठवडाभरात तिच्या तोडीचे दुसरे काही हाती लागले नाही आणि गेम कपाटात गेला.

मला स्वतःला लेव्हल बनवण्याची हौस नाही. दिवसभराचे काम आटोपल्यावर रात्री तासभर मिळतो, तेवढाच. अशा खेळाडूचे समाधान हा गेम करू शकेल का, हा माझा प्रश्न आहे. चांगल्या लेव्हल्स येतीलच, असे अनेक जण ठामपणे सांगतात. ते कशाच्या आधारावर, हेही ज्यांनी अशा गेम्समध्ये बराच काळ घालवला आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर: पाचवा_प्रयत्न

तुमच्या पहिल्या चार लेव्हल्सचे वर्णन वाचून वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. मी गेली बारा-तेरा वर्षे वेगवेगळ्या गेम्समध्ये लेव्हल्स बनवतो आहे. सगळ्या मिळून साठेक झाल्या असतील. त्यांतल्या चार-पाचच मी कोणालाही निःसंकोचपणे खेळायला देईन. माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक बनवणाऱ्याचे प्रमाण असेच आहे, आणि ते असे का असते हे एका उदाहरणावरून सांगतो.

'सुपर मारिओ मेकर २' मध्ये मी एक छोटी लेव्हल बनवली होती. एक रुंद खड्डा, त्यावर डावी-उजवीकडे सरकणारी एक फळी, आणि पलीकडे झेंडा. या गेममध्ये एक चांगला नियम आहे: बनवणाऱ्याने आपली लेव्हल आधी स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार करून दाखवल्याशिवाय ती इतरांसाठी खुली करता येत नाही. मी ती पहिल्याच फटक्यात पार केली आणि लगेच खुली केली. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर शंभरात दोघे-तिघेच शेवटपर्यंत पोहोचले होते. खेळाडू जिथे जिथे मेले तिथे तिथे फुली दिसण्याची सोय या गेममध्ये आहे. माझ्या लेव्हलवरच्या जवळपास सगळ्या फुल्या खड्ड्याच्या अलीकडच्या काठापासून हातभर अंतरावर, एका उभ्या रेषेत दाटलेल्या होत्या. तेव्हा लक्षात आले की खेळाडू काठावर येतो त्या क्षणी फळी पडद्याच्या उजव्या कडेबाहेर असते. ती परत येणार आहे हे मला ठाऊक होते, कारण ती मीच तिथे ठेवली होती. त्याला मात्र समोर नुसता खड्डा दिसत होता आणि तो विश्वासाने उडी टाकत होता.

दुरुस्ती अगदी लहान होती. फळीची सुरुवात अशी हलवली की खेळाडू काठाजवळ येताना ती नजरेच्या टप्प्यात येईल, आणि उडीच्या वाटेवर तीन नाणी कमानीसारखी लावली. नाणी दिसली की हात आपोआप त्या कमानीचा माग घेतो. परंतु एकदा खुली केलेली लेव्हल तिथे बदलता येत नाही. जुनी काढून नवी चढवावी लागते, म्हणजे तोवर मिळालेले खेळाडू आणि त्यांची दाद दोन्ही पुसले जाते. असे मी तीनदा केले. दीड मिनिटाच्या खेळासाठी चार संध्याकाळी गेल्या. कंपनीची माणसे हेच काम महिनोन्‌महिने करतात, दुसऱ्यांना खेळायला बसवून त्यांच्या मागे उभी राहतात आणि कोण कुठे अडखळतो ते टिपून घेतात. तुम्हाला भेटलेल्या बहुतेक लेव्हल्स हा बनवणाऱ्याचा पहिला खर्डा असतो, आणि तो पुन्हा हातात घेण्याआधीच त्याचा उत्साह ओसरलेला असतो. दीपगृह रचणारी व्यक्ती तशी नव्हती. ती अंधारात उभ्या असलेल्या खेळाडूच्या जागी अनेकदा उभी राहिली असणार.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते असा गेम समाधान देईल की नाही, हे एडिटरच्या आधी उडीवर ठरते. हे थोडे विचित्र वाटेल, म्हणून विस्ताराने लिहितो. २००८ च्या अखेरीस 'लिटलबिगप्लॅनेट' आला तेव्हा त्याच्याविषयी आत्ताच्या या गेमसारखीच हवा होती, आणि ती सर्वस्वी पोकळ नव्हती. प्रकाशनाच्या आधीच्या चाचणीतच एका खेळाडूने शेकडो स्विच, दट्ट्ये आणि तारा जोडून त्यात चालणारा गणकयंत्राचा सांगाडा उभा केला होता. स्पंज, पुठ्ठा, लाकूड अशा वस्तूंना खरे वजन होते, त्या ढकलता येत, ओढता येत. पण पात्राची उडी मऊ, तरंगती होती, आणि पुढे-मागे अशा तीन थरांमध्ये पात्र कधी कधी आपल्या मनाविरुद्ध सरकत असे. त्यामुळे अचूक उड्यांवर बेतलेली लेव्हल त्या गेममध्ये अन्यायकारक वाटायची आणि देखावे, कळसूत्री यंत्रे, गोष्टी सांगणाऱ्या लेव्हल्स मात्र खुलायच्या. ज्यांना हे उमगले त्यांनी त्यात अप्रतिम काम केले. उलट 'सुपर मारिओ मेकर' २०१५ मध्ये आला तेव्हा मारिओची ती उडी तीस वर्षे लोकांच्या बोटांत मुरलेली होती. बटण किती वेळ दाबले की किती उंच जाता येते, हे खेळणाऱ्याला सांगावे लागत नव्हते. म्हणून एखाद्या नवख्याने बनवलेली साधी लेव्हलसुद्धा खेळताना हाताला बरी वाटायची.

तेव्हा नवीन गेमचा डेमो मिळाला, तर एडिटरमध्ये शिरू नका. एका मोकळ्या जागेत पात्राला पाच मिनिटे नुसते पळवा, थांबवा, उडवा. ते करतानाच मजा येत नसेल, तर दहा लाख लेव्हल्स आल्या तरी त्या दहाही लाख त्याच बेचव उडीच्या असतील.

उत्तर: एक_तास_रात्री

मी तुमच्यासारखाच न बनवणारा खेळाडू आहे आणि मला अशा गेम्सनी भरपूर समाधान दिले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. आपण दोघे अपवाद नाही. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांविषयी जे ठोकताळे मांडले, त्यांत शंभरातले नव्वद जण नुसते पाहणारे, नऊ जण अधूनमधून हातभार लावणारे आणि एकच जण सातत्याने निर्माण करणारा, असे प्रमाण दिले होते. आपण त्या नव्वदांतले. गेम आपल्यासाठीच असावा लागतो, नाहीतर त्या एकाने बनवलेले खेळायला कोणीच उरत नाही.

माझी पद्धत अशी आहे की पहिल्या अर्ध्या मिनिटात लेव्हलने काही नवे दाखवले नाही, तर ती सोडून द्यायची आणि त्याचे वाईट वाटून घ्यायचे नाही. तुम्ही एका उडीसाठी चाळीस वेळा पडलात, हे वाचून वाटले की तिथे गेमपेक्षा तुमच्या चिकाटीने तुमचा घात केला. आवडलेली लेव्हल भेटली की मात्र मी तिच्या बनवणाऱ्याच्या मागे लागतो, आणि तो स्वतः कोणाच्या लेव्हल्सना दाद देतो ते पाहतो. चांगले बनवणारे एकमेकांचे काम खेळतात. त्या धाग्याने जितके हाती लागते, तितके मुख्य यादीतून कधीच लागत नाही. दीपगृहवाल्या व्यक्तीची दुसरी लेव्हल नव्हती हे खरे, पण तिने कोणाकोणाला दाद दिली होती, हे पाहायचे राहून गेले असेल का?

उत्तर: जुनी_डिस्क

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बराचसा सहमत आहे, मात्र त्यांत एक मोठी गोष्ट सुटली आहे असे वाटते, ती म्हणजे चाळणी. ढीग चांगला की वाईट याला फारसा अर्थ नसतो, कारण तो नेहमीच बहुतांशी वाईट असतो. प्रश्न असा असतो की तो ढीग तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी कोण चाळतो आणि कसा.

खेळाडूंनी लेव्हल्स बनवण्याची कल्पना अजिबात नवी नाही. १९८३ च्या 'लोड रनर' मध्ये १५० लेव्हल्स होत्याच, शिवाय एक एडिटरही होता. लोकांनी त्यावर आपल्या रचना केल्या, प्रकाशकांकडे पाठवल्या, आणि पाठोपाठ निघालेल्या 'चॅम्पियनशिप लोड रनर' च्या ५० कठीण लेव्हल्समध्ये चाहत्यांनी पाठवलेल्या लेव्हल्सचा मोठा वाटा होता. आलेल्या ढिगातून कोणीतरी बसून, खेळून, निवडून त्या ५० काढल्या. घेणाऱ्याच्या हातात निवडलेलेच आले.

'डूम' ची कथा याहून बोलकी आहे. डिसेंबर १९९३ मध्ये तो आला तेव्हा त्यासोबत एडिटर दिलेलाच नव्हता. परंतु बनवणाऱ्यांनी लेव्हल्स, चित्रे आणि आवाज मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइल्समध्ये ठेवले होते, जेणेकरून इतरांना त्यांत बदल करता यावेत. खेळाडूंनी काही महिन्यांतच स्वतःचे एडिटर लिहिले. १९९६ च्या 'फायनल डूम' मधला ३२ लेव्हल्सचा एक संच चाहत्यांच्या एका गटाने मुळात फुकट वाटण्यासाठी तयार केला होता. तो बाहेर पडण्याच्या ऐन बेतात असताना कंपनीने विकत घेतला. आज तीस वर्षांनंतरही त्या गेमसाठी नव्या लेव्हल्स निघतात, आणि 'डूमवर्ल्ड' या संकेतस्थळावरची जुनी मंडळी २००४ पासून दरवर्षी त्यांतल्या उत्तम कामांची निवड करून ती का उत्तम आहेत यावर सविस्तर लिहितात. मी वर्षाच्या शेवटी फक्त ती यादी वाचतो, तिच्यातले चार-पाच संच उतरवून घेतो आणि ते मला कित्येक महिने पुरतात. वर्षभर त्या ढिगाकडे मी फिरकतही नाही. यात कसलाही गाजावाजा नाही, कोणी अमर्याद खेळाचे आश्वासन दिलेले नाही, आणि तरी माझ्या आयुष्यात सर्वांत जास्त समाधान याच गेमने दिले आहे.

अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर २०२० चा 'ट्रॅकमेनिया' हा मोटार शर्यतीचा गेम पाहा. तिथेही ट्रॅक खेळाडूच बनवतात आणि ते असंख्य आहेत, पण रोज त्यांतला एकच ट्रॅक निवडून सगळ्यांसमोर ठेवला जातो. त्या दिवशी सगळे तोच चालवतात, त्याच वळणावर सगळे भिंतीला घासतात आणि त्याच वळणाविषयी बोलतात. रात्रीच्या एका तासासाठी याहून सोयीची व्यवस्था मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू, जी गेम घेताना कोणी विचारात घेत नाही. १९८४ च्या 'एक्साइटबाइक' मध्ये स्वतःचा ट्रॅक रचता येत असे, पण जपानबाहेर विकल्या गेलेल्या कार्ट्रिजमध्ये तो जतन करण्याची सोय चालत नव्हती. यंत्र बंद केले की ट्रॅक गेला. आपण त्या काळाच्या फार पुढे आलो आहोत असे वाटते, पण तसे नाही. 'लिटलबिगप्लॅनेट' चे प्लेस्टेशन ३ वरचे सर्व्हर सप्टेंबर २०२१ मध्ये कायमचे बंद झाले आणि मालिकेतल्या तिसऱ्या भागाचे प्लेस्टेशन ४ वरचे सर्व्हरही २०२४ मध्ये गेले. पहिल्या 'मारिओ मेकर' ची ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ मध्ये थांबली. ती थांबण्याआधी खेळाडूंच्या एका गटाने ठरवले की कोणीही कधीच पार न केलेली एकही लेव्हल मागे राहू द्यायची नाही, आणि अशा हजारो लेव्हल्स त्यांनी एकेक करून संपवत आणल्या. अगदी शेवटी उरलेल्या एका लेव्हलविषयी मग उघड झाले की ती बनवणाऱ्याने स्वतःच्या हाताने पार केलेलीच नव्हती. तिथे प्रोग्रॅमची मदत घेऊन 'पाचवा_प्रयत्न' यांनी सांगितलेला तो नियम चुकवला होता. तरीही सेवा बंद होण्याच्या काही दिवस आधी एकाने ती खऱ्या हातांनी पार केली. ही माणसे दुसऱ्यांच्या विसरलेल्या लेव्हल्सपाशी रात्र रात्र बसली, कारण त्या कोणीतरी कोणासाठी तरी बनवल्या होत्या. मला हे फार मोलाचे वाटते.

सांगायचे एवढेच की लेव्हल्स तुमच्या डिस्कवर उतरवून घेता येतात का, हे नक्की तपासा. माझ्याकडे जुन्या 'डूम' च्या फाइल्स आहेत आणि त्या कोणाच्याही परवानगीशिवाय आजही चालतात.

निवांत_खेळाडू

तिघांचेही मनापासून आभार. फुल्यांची ती उभी रेषा वाचल्यापासून मला माझी तिसरी लेव्हल वेगळीच दिसू लागली आहे. कदाचित तिथेही पडद्याबाहेर काहीतरी होते आणि बनवणाऱ्याला ते माहीत होते. 'एक_तास_रात्री' यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की दाद देणाऱ्यांच्या बाजूने शोध घ्यावा, हे तेव्हा सुचलेच नाही.

एक गोष्ट अजून स्पष्ट झालेली नाही. चाळणी चांगली आहे की नाही, हे गेम येऊन महिने लोटल्याशिवाय कळणार कसे? पहिल्याच आठवड्यात घेणाऱ्याने नेमके काय पाहायचे? आणि लोकांची पसंती मोजून क्रम लावला, तर चांगल्या लेव्हल्स आपोआप वर येणार नाहीत का?

उत्तर: पाचवा_प्रयत्न

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. पसंतीच्या आकड्यावर क्रम लावला की जी लेव्हल लवकर वर येते तीच जास्त लोकांना दिसते, जास्त खेळली जाते आणि म्हणून वरच राहते. पहिल्या दोन दिवसांत खुली झालेली ठीकठाक लेव्हल सहा महिन्यांनंतर आलेल्या उत्कृष्ट लेव्हलच्या कायम पुढे राहते. शिवाय पसंती पटकन मिळते ती छोट्या, सोप्या किंवा आपोआप चालणाऱ्या लेव्हल्सना, कारण तिथे सगळे शेवटपर्यंत पोहोचतात आणि शेवटी पोहोचलेला माणूसच बहुधा दाद देतो. तुमचा सरकता पट्टा तसाच वर आला असणार. दीपगृहात निम्मे लोक अंधारातच थांबले असतील. त्यामुळे नुसती मोजणी ही चाळणी होत नाही. कुठेतरी माणसाची नजर लागते. 'जॉमेट्री डॅश' मध्ये लेव्हल्स कोणीही चढवू शकतो, पण गुण देणाऱ्या लेव्हल्सच्या रांगेत बसण्यासाठी ती आधी नेमलेल्या माणसांनी पाहावी लागते. त्यांचेही चुकते, त्यांच्यावर रागही निघतो, तरी पहिल्यांदा येणाऱ्याला निदान एक धड वाट सापडते.

पहिल्या आठवड्यात गेमचा मुख्य पडदा पाहा. खेळाडूंच्या लेव्हल्स उघडल्यावर सर्वांत आधी सर्वांत नव्या समोर येतात, सर्वांत लोकप्रिय येतात, की कोणीतरी निवडलेल्या दहा-बारा? निवडलेल्या असतील, तर त्या किती दिवसांनी बदलतात? एखाद्या बनवणाऱ्याचे नाव दाबले, तर त्याचे सारे काम एका जागी दिसते का, आणि त्याने नवीन काही केले की तुम्हाला कळते का? यांतले काहीच नसेल, तर कंपनीने एडिटरवर जीव ओतला आहे आणि खेळणाऱ्याचा विचार मागाहून करायचा ठरवला आहे, असे समजायला हरकत नाही. मागाहून म्हणजे बहुधा कधीच नाही.

कंपनीच्या स्वतःच्या लेव्हल्सकडेही याच नजरेने पाहा. त्या एडिटरचा नुसता नमुना म्हणून ठेवल्या आहेत, की त्या स्वतंत्रपणे खेळाव्याशा वाटतात? 'सुपर मारिओ मेकर २' मध्ये शंभराहून अधिक लेव्हल्सची एक पूर्ण कथा दिली होती. कोणी ऑनलाइन गेलाच नाही तरी त्याचे पैसे वाया जात नव्हते. दुसऱ्या टोकाला 'ड्रीम्स' होता. तो फेब्रुवारी २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला. शिल्पे, चित्रे, संगीत, संपूर्ण गेम, जे मनात येईल ते त्यात घडवता येत होते, आणि कंपनीने त्यात बनवलेली दोनेक तासांची कथा अतिशय देखणी होती. मी त्यात रमलो, कारण मी बनवणारा आहे. माझी बहीण, जी फक्त खेळते, ती पंधरा दिवसांत कंटाळली. प्रत्येक रचनेचे नियंत्रण वेगळे, उडी वेगळी, नियम वेगळे. एकीकडे शिकलेले दुसरीकडे उपयोगी पडत नव्हते. तिच्या बोटांना मुरायला वेळच मिळाला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या गेमला नवीन भर घालणे थांबले. त्याच कंपनीने 'लिटलबिगप्लॅनेट' साठी जन्माला घातलेल्या सॅकबॉय या पात्राचा २०२० च्या शेवटी आलेला गेम दुसऱ्या मंडळींनी केला आणि त्यात एडिटर ठेवलाच नाही. बनवणारे आम्ही हळहळलो. बहिणीने तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळला आणि मग पुन्हा खेळला.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे की येणारा गेम कंपनीच्या लेव्हल्ससाठी घेण्याजोगा असेल तरच घ्या, आणि पहिले दीड-दोन महिने जाऊ द्या. तोवर पहिल्या खर्ड्यांची लाट ओसरलेली असते, आणि जे थांबले नाहीत त्यांची नावे माहीत झालेली असतात. आपोआप समाधान होईल, अशी खात्री मी तुम्हाला देऊ शकत नाही. तुमच्यासारख्या खेळाडूला अशा गेममध्ये वर्षाकाठी दीपगृहासारख्या दहा-बारा लेव्हल्स मिळाल्या, तर मी त्याला यश म्हणेन. त्या दहा-बारा दुसरीकडे कुठेच मिळणार नसतात.

उत्तर: एक_तास_रात्री

दीड-दोन महिने थांबण्याशी मी पूर्ण सहमत नाही. पहिल्या आठवड्यात ढीग वाईट असतो, पण लोक मात्र असतात. तेव्हा दिलेली दाद आणि लिहिलेले दोन शब्द बनवणाऱ्याला दुसरी लेव्हल करायला लावतात. सगळेच शहाणपणाने थांबले, तर ती एकच लेव्हल बनवून निघून जाणाऱ्यांची संख्या वाढेल. मी पहिल्या दिवसापासून असेन आणि जे सापडेल ते इथे लिहीन.

निवांत_खेळाडू

हे पटले. तुम्ही पहिल्या दिवसापासून खेळा, मी तुमच्या नोंदी वाचत महिनाभर थांबतो आणि मग उडी तपासून ठरवतो.

काल रात्री तो जुना गेम कपाटातून काढला. सर्व्हर अजून चालू आहेत. दीपगृह आहे, मी तीन वर्षांनी तिथे गेलो तरी दुसऱ्या फेरीतच फळ्या आठवल्या. लेव्हलखाली दोन ओळी लिहून आलो, त्या व्यक्तीपर्यंत पोहोचतील की नाही हे माहीत नाही. नंतर आयुष्यात पहिल्यांदा एडिटर उघडला. एक खड्डा, एक फळी आणि एक दिवा ठेवला. फळी सरकते, पण दिवा जागचा हलत नाही. तो फिरवायचा कसा, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर: पाचवा_प्रयत्न

दिव्याला थेट हलवण्याचा प्रयत्न करू नका. आधी एक छोटे चाक ठेवा, त्याच्या मध्यावर फिरता खिळा ठोका, दिवा त्या चाकाच्या कडेला चिकटवा आणि चाकाचा वेग सर्वांत कमी ठेवा. मग चाक पारदर्शक करा. वेग ठरवताना मात्र स्वतः खेळून पाहू नका. ज्याने लेव्हल कधी पाहिलेली नाही अशा कोणाला तरी कंट्रोलर द्या आणि झोत निघून गेल्यावर तो किती वेळ थबकतो ते मोजा.